ॲडमिरल टेकडी उतरतो

१ डिसेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. शिस्त हवी.

काल ग्लेनिस तिच्या बहिणीकडे, थेल्माकडे, राहायला गेली. भांडण वगैरे काही नाही. परवा सकाळी तिचे केस बोटीच्या खिडकीला गोठून चिकटले, एवढंच. काचेवर दव जमतं, त्याचा बर्फ होतो, हे शास्त्र आहे. मी हळुवारपणे कोमट चहा ओतून तिला सोडवलं. चहात दूध-साखर होती हे तिने नंतर नको तितक्या वेळा सांगितलं.

जाताना तिने अट घातली. नाताळच्या जेवणाला बोटीने थेल्माच्या दारात यायचं. वेळेवर. ती आत चढल्यावर बोट उबदार असली पाहिजे. तसं झालं तर ती परत बोटीवर राहायला येईल. नाही झालं तर वसंतात बोट विकायची आणि थेल्माच्या शेजारचा रिकामा बंगला घ्यायचा. त्या बंगल्याच्या बागेत चिनीमातीची सशाची पिल्लं आहेत. मी ती पाहिली आहेत.

मला हसूच आलं. थेल्मा टेकडीच्या पायथ्याशी राहते, कालव्याच्या काठावर. मी टेकडीच्या माथ्यावर. मध्ये अकरा लॉक्स, म्हणजे बोट खाली उतरवायच्या पाण्याच्या पायऱ्या. सगळी उतरण. पाणी आपलं आपण खाली जातं, मला फक्त त्याच्याबरोबर जायचंय. तीन दिवसांत पोचेन. लवकर पोचलो तर तिला कमीपणा वाटेल, म्हणून जरा रमतगमत जाईन.

जाताना ग्लेनिसने लॉकच्या झडपा उघडायच्या लोखंडी हँडलला लाल लोकर बांधली. म्हणाली, निदान पडलेलं दिसेल तरी, रॉडी. प्रेम बोलून दाखवायची तिची ही पद्धत.

३ डिसेंबर

इंजिन सुरू झालं नाही. थंडीत इंजिनालाही विचार करायला वेळ लागतो.

दुपारी डॉट आली. डॉट कालव्यावर बोटीने फिरून कोळसा, डिझेल आणि गॅस विकते आणि मतं फुकट देते. सगळ्यांना ती राजा म्हणते, बायकांनासुद्धा. म्हणाली, राजा, डिझेल भरलंयस का? मी म्हटलं, प्रश्न डिझेलचा नाही, प्रश्न इंजिनाच्या स्वभावाचा आहे. डिझेल भरलं. इंजिन सुरू झालं. योगायोग असतात.

५ डिसेंबर

पहिलं लॉक उतरलो! अख्खा दिवस गेला, पण शैलीत.

काठावर एक म्हातारी बाई कुत्रा घेऊन बघत उभी होती. असे बघे नेहमी असतात, त्यांना ज्ञान देणं हे आपलं कर्तव्य. मी समजावलं: बाई, हा कालवा म्हणजे पाण्याचा जिना. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. वरच्या झडपा उघडून हौद भरायचा, बोट आत घ्यायची, वरचं सगळं बंद करायचं, मग खालच्या झडपा उघडायच्या. पाणी उतरतं, बोट उतरते. वरची आणि खालची झडप एका वेळी कधीही उघडी ठेवायची नाही, नाहीतर वरचं सगळं पाणी वाहून जातं. हे ज्याला कळलं त्याला कालवा कळला.

बाई म्हणाल्या, माझा जन्म त्या समोरच्या लॉकवाल्याच्या घरात झाला. मग म्हणाल्या, तुमची बोट मागे चाललीय.

दोर बांधायचा राहिला होता. बोट फार लांब गेली नव्हती.

७ डिसेंबर

मागून एक प्लास्टिकची बोट आली आहे. आम्ही पोलादी बोटवाले अशा बोटीला दह्याचा डबा म्हणतो. तिचं नाव ‘डिम्पल’. मालक नॉर्मन टिबिट्स, एकटाच, गोल चेहऱ्याचा, पायात चक्क घरातल्या सपाता. कालव्यावर! माझ्या ‘ॲडमिरल’ची लांबी, तिचा जाड पोलादी तळ, पितळी कड्या, छपरावर रंगवलेली बादली. आणि हा मागे दह्याच्या डब्यात सपाता घालून चहा पितोय.

नॉर्मन म्हणाला, काय झकास बोट आहे हो तुमची, आयुष्यभर अशीच हवी होती मला. माणूस वाईट नाही. आपली पायरी ओळखतो.

९ डिसेंबर

बर्फ. कालव्यावर काचेचा पापुद्रा. नॉर्मनने विचारलं, तुमच्या मागून आलो तर चालेल का, बर्फाने माझ्या बोटीला ओरखडे पडतात. चालेल म्हटलं. ॲडमिरल पुढे कडाकड बर्फ फोडत, डिम्पल मागे बदकाच्या पिल्लासारखी. इतिहासात माझं नाव कशाने राहील याचा अंदाज येऊ लागला आहे. दोन लॉक्स उतरलो. नॉर्मनने दारं उघडायला थोडीफार मदत केली. सगळी त्यानेच उघडली, पण नेतृत्व माझं होतं.

संडासाची पेटी गोठली आहे. तपशील लिहीत नाही. रोजनिशी असली तरी काही मर्यादा असतात.

१२ डिसेंबर

पाचवं लॉक झालं. पाचव्या आणि सहाव्या लॉकच्या मधल्या पट्ट्यात बोट बांधली. इथून थेल्माचा बंगला दिसतो! खाली, वळणापलीकडे, हिरवं दार. चालत गेलं तर पाऊण तासात पोचेल माणूस. पण चालत कोणीही जाईल.

अजून बक्कळ वेळ आहे. घाई करणारे लोक कालव्यावर चुका करतात. इथे थोडे दिवस राहून बोट उबदार करायची. ठराव:
शेगडी रोज साफ करणे.
चिमणी झाडणे.
ग्लेनिसचे कपडे न वापरणे.

१३ डिसेंबर

हँडल पाण्यात पडलं. कालव्याच्या कडा इतक्या निसरड्या का ठेवतात कोणास ठाऊक. माझ्याकडे दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक आहे, अशा प्रसंगासाठीच. टाकलं. जड काहीतरी लागलं! नॉर्मनला हाक मारली. दोघांनी ओढून ओढून वर काढली ती दुकानातली लोखंडी ट्रॉली. चारही चाकं शाबूत, आत एक बूट. काठावर ठेवायला फार जड, शिवाय कोणाची आहे माहीत नाही. मी ती परत पाण्यात सोडली, अगदी बोटीला चिकटून, म्हणजे मालक शोधत आला तर नेमकी जागा दाखवता येईल. नॉर्मन म्हणाला, जरा बाजूला टाकायची का? मी म्हटलं, नॉर्मन, कालव्याच्या तळाशी जागाच जागा असते.

हँडल नंतर नॉर्मनने मासे पकडायच्या जाळीने काढलं. लाल लोकर दिसली म्हणून. जागा मीच दाखवली होती.

१५ डिसेंबर

ग्लेनिसचा फोन. गप्पांच्या ओघात म्हणाली, तू काल बराच वेळ बदकाशी बोलत होतास. मी चाट पडलो. थेल्माकडे पक्षी बघायची दुर्बीण आहे म्हणे. दोघी बहिणी रोज न्याहारीनंतर मला बघतात. मी म्हटलं, बदक नव्हतं, हंस होता. आणि बोलत नव्हतो, ताकीद देत होतो. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, रॉडी, माझा गुलाबी गाऊन तू उलटा घातलायस.

शेगडीजवळ उभं राहिलं की समोरून भाजतं आणि पाठ गारठते. गोल फिरत राहावं लागतं. हा व्यायामच आहे.

१७ डिसेंबर

चिमणी झाडली नव्हती. धूर आत. चेहरा काळा. डॉट कोळसा द्यायला आली, बघून म्हणाली, राजा, कोळसा हवाय की तूच कोळसा? नाताळच्या आदल्या दिवशी ती खालच्या गावांना शेवटचा कोळसा पोचवायला इथूनच जाणार आहे. तोवर तू इथून हल बाबा, म्हणाली. मी म्हटलं, तोवर मी थेल्माकडे नाताळची टर्की कापत असेन.

तिकडे थेल्मा ग्लेनिसला शेजारच्या बंगल्याच्या पडद्यांसाठी कापड दाखवते आहे, असं ग्लेनिस फोनवर सहज बोलली. अगदी सहज. पिवळं, म्हणाली, त्यावर ससे.

उद्यापासून मोहीम जोरात.

१८ डिसेंबर

झोपलो. सर्दी.

२० डिसेंबर, संध्याकाळ

ठरलं. उद्या पहाटे निघायचं. उरलेली सहा लॉक्स एका दिवसात. परवा ग्लेनिसच्या दारात, तीन दिवस आधीच! तिला बोलायला शब्द सुचणार नाहीत.

चार वाजता सहाव्या लॉकवर गेलो, सकाळसाठी लॉक तयार करून ठेवायला. नॉर्मन आला होता सपाता घालून. त्याला जाता जाता दोन शब्द सुनावले. म्हटलं, नॉर्मन, कालव्यावर सर्वांत मोठा गुन्हा कोणता? झडप उघडी टाकणं. त्याखालोखाल? हँडल झडपेच्या दांड्यावर तसंच अडकवून निघून जाणं. वरची झडप कशी उघडायची, करून दाखवली. खालची कशी उघडायची, करून दाखवली. नॉर्मनने मान डोलावली आणि त्याचं बटाट्याचं सूप उतू जातंय म्हणून गेला. शिकायची तळमळच नाही लोकांना.

तेवढ्यात ग्लेनिसचा फोन. धापा टाकत होती. रॉडी, ती खालची, असं काहीतरी झडपेबद्दल सांगू लागली. दुर्बिणीतून चार गोष्टी बघून माणूस लॉकतज्ज्ञ होत नाही. मी प्रेमाने तिला थांबवलं. म्हटलं, काळजी करू नकोस, परवा मी दारात, आता फोन ठेव, विश्रांती घे. तिला बोलूच दिलं नाही. भावना अनावर झाल्या की ती फार बोलते.

बोटीवर आलो, सूप मागवलं नॉर्मनकडून. बरं होतं. आता झोप.

२१ डिसेंबर, सकाळ

जागा झालो तो भिंतीवर. म्हणजे पलंगावरून घरंगळून भिंतीवर. उशी खिडकीवर. पायाखाली कपाटं. बोट एका कुशीवर झोपली आहे.

दार वर ढकलून बाहेर डोकावलो. कालवा नाही. कालव्याच्या जागी चिखल, बाटल्या, एक बाबागाडी. मधून ओहोळ चाललाय. हंसांची जोडी चिखलातून चालत बोटीपाशी आली आणि मला बघून थांबली. हंसाच्या चेहऱ्यावर भाव नसतात असं म्हणतात. चूक आहे.

डिम्पल पलीकडे चिखलात बसली आहे, पण सरळ. तळ सपाट ना. नॉर्मन दारात चहा पीत होता. चहा सांडत नव्हता. मला राग आला.

११ वाजता

कोणीतरी झडपा उघड्या टाकल्या. हे घातपाताचं काम आहे. चौकशी समिती नेमली आहे. अध्यक्ष मी. सदस्य डॉट, जी कोळशाची बोट वर पाचव्या लॉकवर अडकवून पायी आली आहे आणि फार वाईट मूडमध्ये आहे. संशयित:
नॉर्मन (काल लॉकवर होता, सपाता संशयास्पद).
गावातली पोरं.
बगळा (रोज येऊन बसतो, कारण सांगत नाही).

नॉर्मनची उलटतपासणी घेतली. म्हटलं, काल चार वाजता तुम्ही कुठे होतात? तो म्हणाला, तुमच्याबरोबर. म्हटलं, नंतर? म्हणाला, सूप करत होतो, तुम्हीच प्यायलात. उत्तरं फार पटापट देतो.

दुपार

डॉटने समितीला घटनास्थळी नेलं. वरची झडप उघडी. खालची झडपही उघडी. खालच्या झडपेच्या दांड्यावर एक हँडल अडकवलेलं. हँडलला लाल लोकर.

मी म्हटलं, पाहिलंत? कोणीतरी माझं हँडल चोरलं! डॉट म्हणाली, हो राजा, आणि जाताना तुझ्यासारखं भाषणही देऊन गेलं असेल. नॉर्मनने हँडल हळूच काढून माझ्या हातात दिलं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

समितीचं काम स्थगित.

२२ डिसेंबर

ग्लेनिसचा फोन नाही. बंगल्याकडे बघून हात हलवला. कोणी बघतंय की नाही कळलं नाही. बराच वेळ हलवला.

बोट तिरकी असल्यामुळे चहा कपात तिरका राहतो. जेवण भिंतीवर बसून. शेगडीचा कोळसा एका कोपऱ्यात जातो आणि विझतो. डॉट कोळसा द्यायला तयार नाही, असं नाही. तिची बोट पोचू शकत नाही. माझ्यामुळे. हे तिने ओरडून सांगितलं, पूर्ण पट्ट्याला ऐकू जाईल असं.

२३ डिसेंबर

कालव्याच्या माणसांनी वरून पाणी सोडलं. दुपारी पाणी आलं! डिम्पल बुचासारखी अलगद वर आली. डॉटची बोट लॉकमधून खाली आली. हंस तरंगू लागले. ॲडमिरल उठेना. एक बाजू उठली, दुसरी चिखलातच. डॉटने बांबूने खाली चाचपलं. म्हणाली, राजा, तळाखाली लोखंडाची ट्रॉली रुतलीय, तिच्यावर बसलायस तू.

मी संतापलो. म्हटलं, कालव्यात ट्रॉल्या टाकणाऱ्या मूर्खांना तुरुंगात घातलं पाहिजे.

मग आठवलं. नॉर्मनलाही आठवलं असावं, कारण तो आपल्या सपातांकडे बघू लागला.

कालव्याची माणसं म्हणाली, आता क्रेन आणावी लागेल, सुट्ट्या संपल्यावर.

२४ डिसेंबर

आज शैली वगैरे काही नाही. खरं लिहितो. मला भीती वाटते आहे.

बोट गेली तर गेली. पण पिवळ्या पडद्यांच्या घरात मी काय करणार, आणि ग्लेनिस तिथे एकटीच राहायला शिकली तर? ती नसताना बोट फार मोठी वाटते. बोलायला हंस आहेत, पण हंस उत्तर देत नाहीत. ग्लेनिस उत्तर देते. बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं, असं दिसतंय.

चालत जाऊ का? पण अट बोटीची आहे. मी शब्द दिला होता. एकच गोष्ट धड करायची होती.

२५ डिसेंबर

सकाळी टकटक. नॉर्मन. नाताळचा लाल कागदी मुकुट डोक्यावर, पायात सपाता. म्हणाला, चला, मी खाली चाललोच आहे. मी म्हटलं, दह्याच्या डब्यातून? तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, हो, दह्याच्याच. मुकुट हवाय का?

घेतला.

ग्लेनिससाठी आणलेली भेट आणि हँडल घेऊन डिम्पलमध्ये बसलो. प्रवासी म्हणून! नॉर्मनने मला एक घोंगडी आणि सुक्या फळांचं सारण भरलेली गरम पोळी दिली. काल खाली कोळसा पोचवून परतलेल्या डॉटने काठाने चालत प्रत्येक लॉकचं दार उघडलं, मला एकाही झडपेला हात लावू दिला नाही. म्हणाली, राजा, तू बस. आज सगळ्यांना घरी जायचंय.

सहा लॉक्स. दुपारच्या आत. मला हे कसं झालं अजून कळलेलं नाही.

ग्लेनिस थेल्माच्या धक्क्यावर उभी होती, गळ्यात दुर्बीण. मी मुकुट काढायला विसरलो होतो. मी काही बोलणार इतक्यात तीच बोटीत चढली. आत आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खिडकीची काच बोटाने पुसून पाहिली. कोरडी. मग तिने कोट काढला.

बोटीवर, डिसेंबरात, ग्लेनिसने कोट काढलेला मी लग्नापासून पाहिला नव्हता.

मी म्हटलं, ग्लेनिस, ही माझी बोट नाही. ॲडमिरल ट्रॉलीवर बसला आहे. सगळी चूक माझी. मी हरलो. ससेवाले पडदे घे.

ती म्हणाली, अट काय होती? बोटीने ये, वेळेवर ये, बोट उबदार असू दे. बोट कोणाची, हे मी बोललेच नव्हते. आणि मग ती रडायलाच लागली, म्हणाली, दोन आठवडे तुला बघतेय, वेड्या, एकटा गोल गोल फिरत होतास शेगडीसमोर, माझा गाऊन घालून. मग मीही रडलो. नॉर्मन सूप हलवत राहिला.

थेल्मा खिडकीतून ओरडली, टर्की गार होतेय.

२७ डिसेंबर

ग्लेनिसने जेवताना नॉर्मनला विचारलं होतं, तुम्हाला आयुष्यभर पोलादी बोट हवी होती ना? आज अदलाबदल ठरली. नॉर्मनला ट्रॉलीसकट ॲडमिरल. आम्हाला डिम्पल. नॉर्मनने छपरावरच्या रंगीत बादलीला हात लावला आणि तोही डोळे पुसू लागला. मला कोणी विचारलं नाही, पण मी मनातल्या मनात होकार दिला होता.

२ फेब्रुवारी

प्लास्टिकच्या बोटींबद्दल लोकांमध्ये फार गैरसमज आहेत. हलकी, उबदार, चिखलात सरळ बसणारी. मी हे पहिल्यापासूनच म्हणत आलोय. ग्लेनिसने ऐकता ऐकता मला नव्या सपाता घातल्या.

आज सहाव्या लॉकपाशी नॉर्मन ॲडमिरल घेऊन भेटला. फार ऐटीत होता. हात हलवून ओरडला, काय दह्याचा डबा! मी त्याला बर्फातला आमचा इतिहास आठवून माफ केलं.

लॉकपाशी एक तरुण जोडपं बघत उभं होतं. मी त्यांना झडपांबद्दल सांगायला सुरुवात केली, तर ग्लेनिसने हँडल आपल्या कमरेच्या पट्ट्यात खोचलं आणि दोराचं टोक माझ्या हातात दिलं. हँडल आता तिच्याकडे असतं. त्याची लाल लोकर तिने सोडवली आहे आणि माझ्या कोटाच्या बटणाला बांधली आहे.